कर्ज काढण्याआधी कागद उघडू या

(लेण्याद्रीच्या पायथ्याशी जुन्नर-आंबेगाव भागातील बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सकाळपासून आपण धंद्याच्या कल्पना फळ्यावर लिहितो आहोत. नाचणीचे लाडू आहेत, टोमॅटोची भुकटी आहे, हिरड्याचे चूर्ण आहे, कापडी पिशव्या आहेत आणि नेहमीचे पापड-लोणचे-मसाले तर आहेतच. यातली एकही कल्पना टाकाऊ नाही. पण प्रत्येकीला मी एकच विचारले, हे घेणार कोण? आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर दिले, ‘लोक घेतील.’

हे ‘लोक’ कोण? लेण्याद्रीला येणारे भाविक? नारायणगावच्या बाजारपेठेतले दुकानदार? पुण्यातल्या सोसायटीतल्या बायका? ते किती आहेत, आज त्या जागी काय विकत घेतात, त्याला किती पैसे देतात? हे ठाऊक नसताना आपण बँकेच्या अर्जावर अंगठा किंवा सही करतो. माल पडून राहिला तर ‘लोकां’चे काही जात नाही. कर्ज गटाच्या नावावर असते आणि हप्ता बाईच्या दारात येतो. तो भागवायला ती दुसरीकडून उसने घेते, डोरले गहाण ठेवते. शिवाय घरात ऐकून घेते, ‘बायकांनी धंदा केला तर असेच व्हायचे.’ एक धंदा बुडाला की पुढची दोन वर्षे तिला बैठकीलाही सोडत नाहीत. म्हणून हा विषय नुसता नफा-तोट्याचा नाही. बाईच्या बाहेर पडण्याचा रस्ता उघडा राहतो की बंद होतो, याचा आहे.

प्रशिक्षणाला गेले की लिज्जतची गोष्ट हमखास सांगतात. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण त्या सात जणी भर मुंबईत राहत होत्या आणि माल घेणारा व्यापारी भुलेश्वरला, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर होता, हे सांगायचे राहून जाते. कष्ट आपल्याकडेही तेवढेच आहेत. बाजार मात्र शोधावा लागणार आहे.

दुसऱ्याने गोळा केलेली माहिती

बाजाराची माहिती दोन प्रकारे मिळते. एक, आपण स्वतः दारोदार फिरून विचारायचे. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो. दुसरी, कुणीतरी आधीच आपल्या कामासाठी गोळा करून ठेवलेली माहिती. अभ्यासक तिला दुय्यम माहिती म्हणतात. दुय्यम म्हणजे कमी दर्जाची नव्हे, दुसऱ्याच्या हातून आलेली. आपण तिला आयती माहिती म्हणू. पीठ दुसऱ्याने दळलेले आहे, चाळून घ्यायचे काम आपले. आणि या माहितीतली बरीचशी सरकारने आपल्याच कराच्या पैशातून गोळा केली आहे. ती मागायला लाजायचे कारण नाही.

मात्र कचेरीत जाण्याआधी वहीत प्रश्न लिहायचे. ‘नाचणीच्या लाडवांची माहिती द्या’ असे म्हटले तर कुणीच काही देणार नाही. प्रश्न असे हवेत: लेण्याद्रीला महिन्याला किती माणसे येतात? कोणत्या महिन्यात जास्त येतात? कच्चा माल वर्षभर कोणत्या भावाने मिळतो? असाच माल आज कोण विकते आणि कितीला? चार-पाच प्रश्न पुरे आहेत. प्रश्न नेमका असला की कागद सापडतो.

कागद कुठे असतात

इथल्यापासूनच सुरुवात करू. आपण ज्या डोंगराखाली बसलो आहोत, तिथली लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. गिरिजात्मजाचे देऊळही लेण्यातच आहे. त्यामुळे दर्शनाला जाणाऱ्यालाही तिकीट काढावे लागते. तिकीट आले म्हणजे मोजणी आली. असे तिकीट असलेल्या स्मारकांना वर्षभरात किती लोक आले, याचे आकडे केंद्राचे पर्यटन मंत्रालय दरवर्षी प्रसिद्ध करते. महिनावार आकडा हवा असेल तर पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करता येतो. एक लक्षात ठेवा, पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. म्हणजे लाडू मागणारे पोर या आकड्यात नाही!

दुसरी जागा एसटीचा डेपो. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात बायकांना एसटीचे अर्धे तिकीट सुरू झाले. सवलतीची रक्कम महामंडळ सरकारकडून मागून घेते, म्हणून सवलतीच्या तिकिटांचा हिशेब ठेवावाच लागतो. पूर्वी बसमध्ये बायका किती, हे कुणी वेगळे मोजत नसे. आता ते कागदावर येते. कोणत्या मार्गावर कोणत्या दिवशी बायका जास्त प्रवास करतात, हे विचारून घ्या. घरचा खाऊ विकत घेण्याचा निर्णय बहुतेक वेळा तीच करते.

तिसरी जागा अगदी जवळची आहे, अंगणवाडी. सेविकेकडे कुटुंब पाहणीची नोंदवही असते. घरे किती, सहा वर्षांखालील मुले किती, गरोदर आणि स्तनदा माता किती, सगळे तिने घरोघर जाऊन लिहिलेले असते. ती आपल्यातलीच आहे. कुणाचे नाव किंवा घरची खासगी गोष्ट विचारायची नाही, फक्त बेरीज विचारायची. ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंदवही असते, रेशन दुकानात कार्डांची संख्या असते.

मोठा आकडा हवा असेल तर जनगणना. पुणे जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत गावागावाची लोकसंख्या, घरे, रस्ता, बाजार, बँक किती लांब, इतकेच काय, गावात तयार होणाऱ्या मुख्य वस्तूही दिलेल्या आहेत. पण ती पुस्तिका २०११ ची आहे. २०२१ ची मोजणी वेळेवर झाली नाही. २०११ साली जन्मलेली मुलगी आज दहावीच्या पुढे गेली, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वापरायचा.

माणूस महिन्याला खर्च किती करतो, तोही मोजलेला आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीत महाराष्ट्रातल्या खेड्यात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,०१० रुपये निघाला, शहरात ६,६५७ रुपये. त्याच पाहणीत देशभरच्या खेड्यांत खर्चाच्या दर शंभर रुपयांतले साडेनऊच्या थोडे वर रुपये चहा-पेये, फराळ आणि तयार खाण्यावर गेले. दोन्ही आकडे एकत्र धरले तर आपल्या खेड्यातल्या माणसाचे ढोबळमानाने पावणेचारशे-चारशे रुपये होतात. ऐकायला बरे वाटते. पण त्यात टपरीवरचा चहा आला, बिस्किटाचा पुडा आला, हॉटेलातली मिसळ आली. आपला लाडू या सगळ्यांशी झगडून त्यातले किती रुपये मिळवणार, असा विचार करायचा.

कच्च्या मालाचे भाव बाजार समितीत मिळतात. पणन मंडळ रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर प्रसिद्ध करते. इथे नारायणगावच्या टोमॅटोची आठवण ठेवा. जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि वर्तमानपत्रांत करोडपती शेतकऱ्यांच्या बातम्या आल्या. त्याआधी दोनच महिने तोच टोमॅटो कवडीमोल होता. आता टोमॅटोची भुकटी करायची तर हिशेबात कोणता भाव धराल? जुलैचा धरला तर धंदा सुरूच होणार नाही, मेचा धरला तर जुलैत बंद पडेल. म्हणून किमान तीन-चार वर्षांचे महिनावार दर उतरवून घ्यायचे आणि टोमॅटो कोणत्या महिन्यांत दरवर्षी पडतो ते बघायचे. भुकटी त्या महिन्यांत करून ठेवायची. कोणता माल वाळवून किती टिकतो, हे विचारायला नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

आणि एक कागद तर सगळ्यांच्या घरात असतो, विकत आणलेल्या मालाचे पाकीट. पाकीट फेकायच्या आधी वाचा. वजन किती, किंमत किती, त्यात काय काय घातले, कुठे तयार झाले, कधी तयार झाले, किती महिने टिकते. दुकानात आज ठेवलेल्या पाकिटावर चार महिन्यांपूर्वीची तारीख असेल, तर त्या दुकानात तो माल हळू खपतो, हे दुकानदाराने न सांगताच कळले. दहा पाकिटे वाचलीत तर समोर कोण उभे आहे ते समजेल.

मोजले कोणी, आणि बाई कुठे आहे?

छापले आहे म्हणून खरे, असे मात्र धरायचे नाही. प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारा. कोणी मोजले? कशासाठी मोजले? कधी मोजले? आणि यात बाई कुठे आहे?

हिरड्याचे घेऊ. भीमाशंकरच्या आणि नाणेघाटाच्या बाजूच्या गावांत बाळहिरडा हा महादेव कोळी कुटुंबांचा हातात रोख पैसा आणणारा माल. गोळा करणे, वाळवणे, निवडणे यातले बरेचसे काम बायकांचे. आता केंद्र सरकार गौण वनोपजाच्या किमान भावाची यादी काढते. २०२० च्या यादीत हिरड्याला किलोला १५ रुपये आहेत. हा आकडा धरून कुणी हिरडा चूर्णाचा हिशेब मांडला तर पहिल्याच ओळीत फसेल. यादीत नुसता ‘हिरडा’ आहे. आपला बाळहिरडा म्हणजे कोवळे फळ वाळवलेले, त्याचा बाजार वेगळा आणि भाव कितीतरी जास्त. नाव एक, माल दोन. म्हणून आकड्यापुढे ‘कोणता माल, कोणत्या मापाने’ हे लिहिल्याशिवाय तो वहीत घ्यायचा नाही.

आता बाई शोधा. झाड ज्याच्या सातबाऱ्यावर, त्याचे नाव कागदावर. गोळा करणारीचे नाव कुठेच नाही. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत शेतीच्या खात्यांपैकी बायकांच्या हाती सुमारे १४ टक्केच दिसतात. जनगणनेत वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणारी बाई ‘सीमांतिक कामगार’ होते, आणि घरकाम करणारी तर काम न करणाऱ्यांत जाते. दोन महिने हिरडा वेचणारी, चार महिने भात लावणारी आणि बारा महिने पाणी भरणारी बाई कागदावर अशी अर्धीमुर्धी उरते. कागदावर नसण्याची किंमत मोजावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचे नुकसान झाले, तेव्हा भरपाईच्या नेहमीच्या नियमांत हिरडा बसत नव्हता आणि लोकांना त्यासाठी आंदोलन करावे लागले.

या जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेवल्याची नोंद त्यांत आहे. ते त्या काळचे बचत गटच म्हणा ना! त्यांचा व्यवहार कोरला गेला म्हणून आज आपल्याला माहीत आहे. आपणही आपला हिशेब लिहून ठेवायला हवा. ज्या आकड्यात बाई नाही, तो आकडा आपण आपल्या वहीत पुरा करायचा. कोणी किती किलो वेचले, किती दिवस लागले, व्यापाऱ्याने काय भाव दिला, हे एका हंगामाचे लिहा. उद्या दुसऱ्या गटाला तीच आयती माहिती होईल.

बेरीज-वजाबाकी

आता कागद जमले. त्यांचे करायचे काय? एक हिशेब करून दाखवते. यातले आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, खरे तुम्ही आणायचे आहेत.

समजा, साध्या दिवशी ५०० तिकिटे जातात. घरचे पाच जण मिळून एक पाकीट घेतात, म्हणजे गिऱ्हाईक ५०० नाही, १०० कुटुंबे. दहातल्या एका कुटुंबाने घेतले तर १० पाकिटे. पाकीट ५० रुपयांना, म्हणजे गल्ला ५०० रुपये. नाचणी, गूळ, तूप, गॅस, पाकीट यांचे प्रत्येकी ३० धरले तर ३०० गेले. उरले २००. गटात दहा जणी आहेत. दिवसाचे वीस-वीस रुपये! २०२५-२६ साली आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्याच्याशी ताडून बघा.

आणि वेळेचा हिशेब? २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात गेले, पुरुषाचे ८८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तास आधीच गेलेले आहेत. त्यावर स्टॉलवर सहा तास बसायचे तर घरातल्या पाच तासांतले काही कोण उचलणार, हे घरी बोलूनच ठरवावे लागेल. धंद्याच्या अर्जात हा रकाना नसतो. आपण तो घालू.

मग लाडू करायचेच नाहीत का? तसे नाही. हा हिशेब सांगतो की रोज, दहा जणींनी, एकाच जागी बसून हे जमणार नाही. शनिवार, रविवार, सुट्ट्या आणि संकष्टीला गर्दी किती वाढते ते महिनावार आकड्यांत बघा. अष्टविनायकातले दुसरे ठिकाण, ओझर, याच तालुक्यात आहे. आठवड्यातले दोन दिवस, चार जणी, दोन ठिकाणी, असा हिशेब मांडून बघा. कदाचित जमेल. जमत नसेल तर तो फळ्यावर पुसून टाकायला काही खर्च येत नाही. कढई, यंत्र आणि पाकिटांचा ढीग विकत आणल्यावर पुसायला येतो.

एवढे झाले की मग स्वतः विचारायला जायचे. वीस-पंचवीस गिऱ्हाइकांना लाडू चाखायला द्या, किती पैसे द्याल ते विचारा. कागद वाचून गेल्यामुळे कुणाला आणि काय विचारायचे हे ठाऊक असते, आणि फेरा वाया जात नाही.

सरकार हेही गिऱ्हाईकच

आपण भाविक आणि दुकानदार एवढेच धरतो. पण अंगणवाडीतल्या मुलांच्या आणि मातांच्या आहाराची खरेदी सरकार करते, ती केवढी मोठी बाजारपेठ आहे! ७ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या आहारात ठेकेदार नकोत, गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळे यांना काम द्या. तरी २०१६ साली महाराष्ट्रात घरपोच आहाराच्या निविदा निघाल्या त्या अशा अटींच्या की लहान गट बाहेरच राहावेत. काही महिला गट न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निविदा रद्द केल्या.

यातून आपण काय घ्यायचे? निविदेचा कागद हीसुद्धा बाजाराची माहिती आहे. किती लाभार्थी, किती वजन, काय दर, कोणत्या अटी, सगळे त्यात लिहिलेले असते. अटी वाचल्या म्हणूनच त्या कुणासाठी घातल्या आहेत हे कळले, आणि कळले म्हणून लढता आले. न वाचणाऱ्या गटाला फक्त ‘तुम्ही बसत नाही’ एवढेच ऐकू येते.

मागितले की द्यावे लागते

कचेरीत गेले की पहिला प्रश्न येतो, ‘तुम्हाला कशाला पाहिजे?’ काही ठिकाणी ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणून चार फेऱ्या मारायला लावतात. आधी नीट तोंडी मागा. पुष्कळ माणसे चांगली असतात, वही उघडून दाखवतात. नाही दिले तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील बाईला तेही नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. आणि माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन अर्जदारावर नाही. फक्त कचेरीत जे लिहिलेले आहे तेच मागायचे. नवा हिशेब करून द्या म्हटले तर अर्ज फेटाळतील.

जाताना दोघी जा. एकीने बोलायचे, दुसरीने लिहायचे. माहिती कोणत्या कचेरीतून, कोणत्या तारखेला, कोणत्या वर्षाची मिळाली, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहा. जिला लिहिता येत नाही तिने बाजारातले भाव ऐकून लक्षात ठेवायचे; आपल्यातल्या कितीतरी जणींना दहा आठवडे-बाजारांचे भाव तोंडपाठ असतात. तीही माहितीच आहे, तिला वहीत जागा द्या.

पुढच्या बैठकीपर्यंतचे काम वाटून घेऊ. प्रत्येक गटाने फळ्यावरची एकच कल्पना निवडायची. तिच्यासाठी पाच प्रश्न लिहायचे. तीन ठिकाणांहून कागद आणायचे, त्यातले एक गावातले असले पाहिजे. असाच माल विकणारी दहा पाकिटे वाचायची. गटातल्या प्रत्येकीचा दिवसातला मोकळा वेळ खरा-खरा लिहायचा. मग सगळ्या वह्या इथे मध्ये ठेवू, एकमेकींचे आकडे तपासू. कुणाला ‘हे होणार नाही’ असे उत्तर मिळाले तर तिने मान खाली घालायची नाही. तिने गटाचे पैसे वाचवले आहेत. ज्यांचे उत्तर ‘होईल’ असे येईल, त्यांच्यासोबत आपण सगळ्या बँकेत जाऊ. मॅनेजरच्या टेबलावर आधी वही ठेवू आणि मगच अर्ज.